बिनघोर माणूस घाटावर जातो

बिनघोर माणूस पाहिजे होता, म्हनून गावानं मले देल्लं.

घोर म्हनजे काय हे शहरातल्या लोकायले सांगा लागते. चिंता डोक्यात असते. घोर छातीत बसते, अन् एकदा बसला का त्याले कारन लागतच नाही. ज्याले तो नाही, तो बिनघोर. आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याले. तिथं कोनालेही इचारा का बिनघोर कोन, तं एकच नाव सांगतीन, सुपडा. मयतीले गेला तं मुर्दा सोडून साऱ्यायले हासवून येते. शाळा नाही, वावर नाही, अक्कल नाही, मंग याले घोर कायचा?

हे लिहून बी मी नाही राह्यलो. मी बोललो, पुतनीनं उतरवलं. तिनं जिथं जिथं माह्यी भाषा सुधारली, तिथं तिथं मी तिले पुन्हा बिघडवाले लावली.

आता जे गावाले माहीत नव्हतं ते सांगतो. मले घोर आहे. हे फक्त मले अन् माह्या बंडीले माहीत होतं, कारन घाम तिलेच पुसा लागे. चांगला बसलेला असतो, अन् छातीत कोनी मशीन चालू केल्यासारखं होते. हात कापते, तोंड कोरडं पडते, वाटते आता गेलो. अशा वक्ती मी गोठ सांगाले लागतो. लोक तोंडाकडं पाहून हासतात, हाताकडं कोनी पाहत नाही. माह्या जेवढ्या चांगल्या गोठी आहेत, तेवढ्या मी मरता मरता सांगतल्या आहेत.

माह्यी एकच पोरगी, सविता. घाटावर बीबी गावाले दिली. ज्या साली गुलाबी अळीनं कापसाची पराटी खाल्ली, त्याच साली तिले दिवस गेले. बीटी बियानं आलं तवा म्हनत होते का आता अळी जवळ येनार नाही. अळीनं ते आयकलं नव्हतं. बोंड वरून टनक, हिरवंगार. फोडलं का आत अळी अन् कवडी, म्हनजे सडका कापूस. कोनत्या बोंडात आहे हे वरून समजतच नाही. सविता दिवसभर वावरात बोंडं फोडून पाहे. मंग घरी बसली असली तरी तिची बोटं हवेत बोंड फोडाले लागली. मंग तिले झटके याले लागले. धडधड, घाम, अन् सासूचा हात धरून म्हने का मी मरून राह्यली.

सासूनं, म्हनजे माह्या इहीनबाईनं, कौसाबाईनं, मले फोन केला. पहिलं बाळंतपन माहेरी असते, पोरगी येईन ते येईन, त्याचं काही नाही. "पर नंतर न्यायला यायचं का नाही ते आमी ठरवू," म्हने. "आधी सांगा, तुमच्या रक्तात हे कोनाला हाय का?"

मी काहीतरी गंमत केली अन् फोन ठेवला. कोनती गंमत केली तेही ध्यानात नाही. पन गोष्ट एवढीच होती का माह्या रक्तात घोर निघाला, तं माहेरी आलेली पोरगी माहेरीच राह्यन.

संग्रामपूर

मॅडम मोठ्या शहरातून आल्या होत्या. रक्ताच्या डॉक्टर. ज्यायले घोर आहे अन् ज्यायले नाही, अशा दोन्ही मानसायचं रक्त नेऊन त्यात फरक काय ते पाहायचं, असं त्यायचं काम. संग्रामपुरात बाजाराच्या दिवशी त्यायनं लोक जमवले अन् शुद्ध भाषेत बोलल्या. तिथंच घोटाळा झाला. त्या म्हनाल्या का आम्ही तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासू, अन् तुमच्या जीनवर कोनत्या खुना आहेत ते पाहू.

आमच्याकडं पेशी म्हनजे कोर्टाची तारीख. अन् जीन म्हनजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. एक बुढा उठून निंगूनच गेला. त्याची बांधाच्या भांडनाची पेशी चालू होती, त्याले वाटलं आता पांढरीही लागली. मी मात्र पुढं सरकलो. जीनात माह्यी जवानी गेली, रेच्यात कापूस लोटन्यात. रेचा म्हनजे ते सरकी काढायचं मशीन. जीनाचं कोनी बोललं का मले वाटते आपल्या घरचं बोलून राह्यले. मी उभा राह्यलो अन् साऱ्यायले समजावून सांगतलं का मॅडम जीन तपासाले आल्या आहेत, अन् कापूस पांढरा असते म्हनून पेशीही पांढरी. ज्याले काट्यावर वजनात मारलं असन त्यानं येऊन सांगावं.

घडीभरात मॅडमपुढं रांग लागली. एक जन तं आपल्या बैलगाडीसगट आला.

मॅडमले समजाले येळ लागला. समजल्यावर त्यायनं टेबलावर डोकं टेकलं, अन् खांदे हालाले लागले. आमाले वाटलं रडून राह्यल्या. मंग त्यायनं डोळे पुसून इचारलं का हे कोन. लोक म्हने हा सुपडा, तुमाले बिनघोर पाहिजे होता ना, हा घ्या. घोरवाले त्यायले पाहिजे तेवढे भेटले होते. बिनघोर भेटत नव्हते. अळीच्या सालात ते कुठं भेटतीन?

मॅडम म्हनाल्या का काका, तुमचं रक्त आज नाही घेत. रक्तातल्या पेशी जित्या पोचल्या पाहिजेत, म्हनून बिनघोर लोकायचं रक्त शेवटच्या मुक्कामी घेऊ अन् तसंच औरंगाबादले प्रयोगशाळेत नेऊ. काही सवाल आहेत, तेही तवाच इचारू. मी इचारलं शेवटचा मुक्काम कोनता.

"बीबी," मॅडम म्हनाल्या.

माह्या छातीत मशीन चालू झालं. मी म्हनलं मॅडम, मी संगंच येतो, बीबीले माह्यी पोरगी आहे, लोकायले बोलतं करतो. मनात येगळंच होतं. रस्त्यात यायले इचारून घ्यावं का घोर रक्तातून जाते काय. नाही म्हनल्या, का तेच इहीनबाईपुढं म्हनवून घ्यावं. डॉक्टरचं तोंड म्हनजे शिक्का.

घाट

आमचा जिल्हा एक, पन मुलुख दोन. घाटाखाली काळी जमीन अन् खारं पानी. घाटावर मुरूम अन् गोड पानी. खाऱ्या पान्याचा चहा आमाले खारट लागत नाही, कारन दुसरा आमी पेलाच नाही. पोरीचं लग्न जमवाले मी पयल्यांदा घाटावर गेलो, तवा तिथला चहा पेलो अन् म्हनलं यायनं साखर जास्त टाकली. इहीनबाईनं तवाच वळखलं असन का मानूस कोन्या गावचा आहे.

आमच्या जीपचा डायव्हर अन्वरभाई, खामगावचा. दाढीले मेंदी, अन् तोंडात आमची वऱ्हाडी अन् त्याची हिंदी अशी कालवलेली का दोन्हीचे मालक आपापली वळखू शकत नाहीत. खामगाव सुटलं का घाट लागते. जीप वर चढून राह्यली होती. मांगं वळून पाह्यलं तं आमचा सारा मुलुख खाली पसरलेला, पूर्नेचं खोरं, अन् पार तिकडं सातपुडा निळा, कोनी फडक्यानं पुसल्यावानी. वावरात उभ्या पराट्या. मागच्या सालापर्यंत या दिवसात इथून पांढरं दिसे. या सालात पराट्या काळ्या, अन् काही जागी लोकायनं उपटून ढीग घातले होते.

मॅडम म्हनाल्या किती सुंदर दिसतं नाही. मी हाव म्हनलं. अन् म्हनता म्हनता आलं. खाली पाहू नोको असं डोक्यानं सांगतलं तवर छातीनं पाहून घेतलं होतं. मी गोठ सुरू केली, एका जवायाची अन् म्हशीची. मॅडम हासल्या. गोठ संपली, छाती नाही संपली. मंग मी करंगळी दाखवली. अन्वरभाईनं जीप थांबवली.

पळसाच्या झाडामांगं जाऊन मी बसलो अन् झाडालेच ती म्हशीची गोठ पुन्हा सांगाले लागलो. पुरी होत आली होती, तं मांगून पान्याची बाटली पुढं आली.

अन्वरभाई म्हनला, "सुपडाभाऊ, पेशाब करनेवाला आदमी झाड से बात नहीं करता."

मी बाटली घेतली. मंग तोच बसला बाजूले. त्याच्या हातून एक टक्कर झाली होती, त्याची पेशी, कोर्टाची, कधीची चालू आहे. म्हने तारीख जवळ आली का जेवन जात नाही, स्टेरिंगवर हात थरथरतात, घरी सांगत नाही, नाही तं बायको गाडीवर जाऊ देत नाही. त्यानं इचारलं, मॅडम कू बोलू क्या? मी नोको म्हनलं. तो नाही बोलला. जीपमधी एक बिनघोर मानूस अन् एक डायव्हर होता, अन् मॅडमले दोघायचंही काही माहीत नव्हतं.

हिवरा आश्रम

दुपारी हिवरा आश्रमाले थांबलो. आश्रम मोठा आहे, लांबून लोक येतात, पन आमी थांबलो ते भुकेनं. रस्त्याच्या कडेले हॉटेलात वांग्याची भाजी अन् पुरी भेटली. आमच्याकडं वांगं म्हनजे भरीत. वर कच्चं तेल अन् हिरवी मिरची, संगं कळन्याची, ज्वारी-उडदाची भाकर. इथं वांगं रश्शात पोहते. मी म्हनलं वांगं बुडालं का काय, तं हॉटेलवाला म्हने "बुडालं नाही, आंघूळ करतंय." घाटावरचे लोक बोलायले कमी नाहीत.

तिथंच माह्यी चोरी पकडली गेली. सवितासाठी तिच्या मायनं लोन्याचा डब्बा देल्ला होता. संक्रांतीनंतरचं ऊन, त्यात जीपचं इंजिन, लोनी पातळ होऊन राह्यलं होतं. मांगं एक पांढरी पेटी होती, हात लावला तं थंडगार. मी म्हनलं वा, मॅडमनं लोन्याची सोय करून ठेवली. पेटीवर लाल अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. मले वाटलं कंपनीचं नाव असन. ते होतं उघडू नये.

मॅडमनं पेटी उघडली तं बर्फाचं पानी झालेलं अन् त्यात माहा डब्बा तरंगत होता. मंग त्या खरंच चिडल्या. आवाज नाही चढवला, पन "काका" म्हनायच्या ते "तुम्ही" म्हनाले लागल्या. पेटीत अजून रक्त नव्हतं म्हनून वाचलो. अन्वरभाई अन् मी मेहकरपर्यंत बर्फ इचारत गेलो. शेवटी एका रसवंतीवाल्यानं देल्ला. इचारलं कायले पाहिजे, मी सांगतलं रक्त ठेवायले, तं त्यानं ग्लास धुवायचे थांबवले अन् आमच्याकडं पाहतच राह्यला.

बर्फ भेटला तशा मॅडम निवळल्या. रसाचा ग्लास हातात घेऊन मीच इचारलं का मॅडम, हे तुमचं जीन हाय तरी काय. त्या म्हनाल्या का प्रत्येक मानसाच्या अंगात हजारो जीन असतात.

अन्वरभाईच्या हातातला ग्लास तिथंच थांबला. म्हने, "मॅडम, हमारी चाची कू एकच जिन लगा था, तं दर्ग्यावर घेऊन जावं लागलं. हजारो?"

मॅडमनं आपला ग्लास खाली ठेवला. एकाचं जीन कारखाना, एकाचा जिन भूत. मंग त्यायनं रसवंतीच्या बाकड्यावर बसून नीट समजावून सांगतलं. जीन मायबापाकडून येतात, अन् जवळपास जलमभर तशेच राहतात. पन त्यायच्यावर बारीक खुना बसतात. हे चालू ठेवा, याले गप्प बसवा, अशा. लय दिवस भेव, उपास, धक्का सोसला तं या खुना बदलतात असं दिसून राह्यलं. अन् रक्तात ज्या पांढऱ्या पेशी असतात, रोगाशी लढनाऱ्या, त्या घोरवाल्या काही मानसायमधी तापलेल्या दिसतात, दुश्मन नसतानी.

म्हनजे चोर नाही अन् पोलीस गल्लीत दंडुका आपटत फिरते, मी म्हनलं. मॅडम म्हनाल्या, हो, आणि झोपलेल्यांना उठवतो.

खुनायचं मले जीनावरूनच समजलं. आमच्या जीनात रेच्यायची लाइन होती. मशीन सारे तेच. मालक सकाळी येऊन सांगे, आज हा चालू, हा चालू, बाकी बंद. कापूस जास्त आला का सारे चालू. मंग असा आवाज होये का मानूस वरडला तरी आयकू येत नसे. मी मॅडमले इचारलं, असंच काय? त्या म्हनाल्या अगदी तसं नाही, पण तुम्ही जवळ आलात.

मंग मी ज्यासाठी आलो होतो ते इचारलं. बापाचे जे रेचे चालू आहेत, ते पोरीत चालूच येतात काय?

मॅडमनं पेटीचं झाकन पुन्हा नीट लावलं. मंग म्हनाल्या, "काका, उंदरांमध्ये थोडं दिसलंय. माणसांत नक्की माहीत नाही. थोडं रक्तातून येतं, थोडं जगण्यातून. आणि खुणांमुळे घोर लागतो, की घोरामुळे खुणा बसतात, हेसुद्धा अजून कळलेलं नाही. म्हणून तर फिरतेय."

डॉक्टर असून माहीत नाही म्हनते, असा डॉक्टर मी पयल्यांदा पाह्यला. आमच्याकडं डॉक्टरले माहीत नसलं का तो सलाइन लावते. मानूस चांगला होता, पन माहा शिक्का गेला.

बीबी

बीबी मोठं गाव. बाजार मोठा, आवाज मोठा, अन् बोली पार बदललेली. कशासाठी हे इचारायले आमी काऊन म्हनतो, ते कामून म्हनतात. सविता दारात आली, पाया पडली, म्हने, "बाबा, मला फोन तरी करायचा." घाटाखाली होती तवा 'मला' नाही, 'मले' म्हने. लेकीचं सासर पयले जिभेवर बसते. अंगानं सुकली होती, पोट तेवढं पुढं. पदराच्या काठावर बोटं चालूच होती, फोडून राह्यली होती.

कौसाबाईनं चहा देल्ला. गोड लागला, पन मी काही बोललो नाही. जवाई वावरात गेले होते. माहा इवाई, सविताचा सासरा, खाटीवर बसून होता. हा मानूस लग्नात बोलला होता तेवढाच. मॅडमनं आपलं काम सांगतलं, का मले बिनघोर लोक पाहिजेत.

कौसाबाई म्हने, "मग हितंच लिहा की. आमच्या घरात कोनाला काही नाही. ही आली ते घेऊन आली." हे तिनं सविताकडं न पाहता म्हनलं. मंग माह्याकडं पाहून म्हने, "पर आधी इवायाचं होऊ द्या. आमाला बी ऐकायचंय."

मॅडमनं पेन खाली ठेवला. म्हनाल्या का हे एकेकाले एकट्यालेच इचारायचं असते, काका, आपण गोठ्यापलीकडे बसू. मी उठलोही. सोपं होतं. गोठ्यामांगं मॅडमले खरं सांगतो, अन् ओसरीवर येऊन सांगतो का बिनघोर निघालो. मॅडम कोनाले सांगनार नव्हत्या. पोरीचं सासर राह्यलं असतं.

पन मंग त्या घरात, अन् माह्याही घरात, घोरवाली एकटी सविता राह्यली असती. वरून टनक अशा साऱ्या मानसायमधी एकटीच किडकी.

मी खाली बसलो. म्हनलं, इथंच इचारा.

मॅडमनं दोनदा इचारलं का नक्की ना. मंग सवाल सुरू केले. कारन नसतानी छाती धडधडते का? मी म्हनलं धडधडते, पन कारन असते, ते घरी बसलं आहे संग्रामपूरले. सारे हासले. इवाईही हासला. हात कापतात, घाम येतो? म्हनलं जीनात मालक सोडून साऱ्यायलेच घाम ये. पुन्हा हासले. सविता नाही हासली. तिच्याकडं पाह्यलं तं ती माह्या तोंडाकडं पाहतच नव्हती. माह्या हाताकडं पाहून राह्यली होती. मी हात मांडीखाली घेतला, तं ती मांडीकडं पाहाले लागली.

"अशा वेळी आपण आता मरणार, असं वाटतं का?" मॅडमनं इचारलं.

मेल्यावर सांगतो, असं जिभेवर आलं होतं. चांगली गोठ होती, अजूनही वाया गेल्याचं वाईट वाटते.

"हाव," मी म्हनलं. "सकाळी घाटात वाटलं. आता बी वाटून राह्यलं."

मंग कौसाबाई म्हने, "म्हंजी रक्तातच हाय." अन् मॅडमकडं वळली, का तुमीच सांगा. मॅडमनं रसवंतीवर सांगतलं होतं तेच सांगतलं, तेवढंच, ना कमी ना जास्त. अन् म्हनाल्या, "मावशी, यावरून कुणाला घरी ठेवायचं आणि कुणाला नाही, हे ठरवता येत नाही. मला येत नाही, तुम्हालाही येणार नाही."

"मग एवढं शिकून तुमी करता काय?"

"शोधतेय," मॅडम म्हनाल्या.

तवर सविता माह्यापाशी येऊन बसली होती. हळूच म्हने, "बाबा, तुमाले कवापासून?"

"तू व्हायच्या आदीपासून."

"अन् मले वाटलं का मीच अशी निंगाली."

मी मांडीखालचा हात काढला अन् तिच्यापुढं ठेवला.

कौसाबाईले हे सारं पसंत नव्हतं. तिनं पाट ओढला अन् मॅडमपुढं बसली. म्हने आता माझं लिहा, हितंच, आमाला काय लपवायचं न्हाई. छाती धडधडते का? न्हाई. हात कापतात? न्हाई. मरनार असं वाटतं? यावर ती अडली. उत्तराले नाही, सवालालेच.

"ते तर सगळ्यांलाच वाटतंय की," ती म्हने. "त्याला इचारायचं काय?"

मॅडमचा पेन थांबला. त्यायनं इचारलं का म्हणजे तुम्हाला होतं?

"दिवस कलला की व्हतंय. गुरं घरी येईस्तोवर छाती भरून येती. वाटतंय आज काहीतरी होनार, आपलं आज संपलं. गुरं आली की जातंय. माझ्या आईला बी व्हायचं. ह्याला काय रोग म्हनत्यात व्हय? तहान लागती का, असं इचारल्यावानी झालं हे." अन् ती नवऱ्याकडं वळली. "तुमाला होत न्हाई व्हय?"

इवाईनं खाटेवरून पाय खाली घेतले.

"व्हतंय," तो म्हने. "बिल थकलंय, वायरमन दिसला की व्हतंय. फोन वाजला की व्हतंय."

"मला कधी बोलले न्हाई."

"तू कधी इचारलं?"

अन्वरभाई दारात उभा होता. तो हळूच म्हनला, मॅडम, बिनघोर आदमी कू जालना में ढूंढना पडेगा. मॅडम हासल्या नाहीत. त्यायनं जे लिहिलं होतं त्यावर एक रेघ मारली.

कौसाबाईनं सविताची बोटं पाह्यली. मंग आपल्याशीच बोलल्यावानी म्हने, "मला वाटलं हिला काहीतरी येगळंच झालंय. पर तेच हाय. ही वरडती, आमी वरडत नव्हतो, एवढंच."

रक्त द्यायची पाळी आली. मॅडमनं माह्या नळीवरचा बिनघोरवाला निळा कागद काढून घोरवाला पिवळा लावला. बिनघोरमधून मी बाद झालो. सुई दिसली अन् मी इवायाच्या खाटेवर आडवा झालो. शुद्धीवर आलो तं इवाई माह्या तोंडावर टोपीनं वारा घालत होता. कौसाबाईनं हात पुढं केला तो हालवलाही नाही. तिचाही कागद पिवळा. सविताचाही.

जीप औरंगाबादकडं निंगाली तवा कौसाबाई ओसरीवरूनच मले म्हने का इवाई, पोरीला आता घेऊनच जा, अळीच्या वावरापून लांब राहील. न्या म्हने, पन परत आना नाही म्हने.

मंग ती म्हने, "बारसं झालं की न्यायला मी सोता येनार. कोनाला धाडनार न्हाई. ह्याईला धाडलं तर हे बोलनार न्हाईत, अन् तुमी बोलायचं थांबनार न्हाई."

घाटाखाली

सविता माह्यापाशीच आहे. महिनाभर झाला. बोटं अजून चालतात, पन कमी. झटका येते तवा ती माह्याजवळ येऊन बसते, अन् मले आला तं मी तिच्याजवळ जातो. सविताची माय म्हनते का तुमी दोघं बापलेक दिवसभर गाव सोडून एकमेकाले शोधत फिरता, घरात काम कोन करीन. मले अजून गोठ सांगाशी वाटते. सविता म्हनते सांगा, पन हात वर ठेवा.

रक्ताचं काय झालं ते माहीत नाही. मॅडमले अन्वरभाईच्या फोनवरून इचारलं, तं त्या म्हनाल्या का एकट्या मानसाचा निकाल यात नसते, साऱ्यायचं मिळून काय दिसते ते पाहायचं, अन् त्याले सालं लागतीन. बिनघोर भेटले का म्हनलं, तं म्हनाल्या शोधतेय. म्हनजे आमचं रक्त तिकडं कुठंतरी थंड पेटीत आहे, माहं अन् इहीनबाईचं शेजारी शेजारी. लग्नातही आमी एवढ्या जवळ बसलो नव्हतो.

इहीनबाईचा फोन येते, दिवस कलला का, गुरं घरी यायच्या येळेले. मले पयले वाटे का पोरीवर लक्ष ठेवाले करते. आता समजते. पोटातल्या लेकराचं थोडं बोलून होते, मंग सासू-सून दोघी घोरावर येतात, आज कवा आला, किती येळ राह्यला. फोनमधून गुरायच्या घंट्या आयकू आल्या, का इहीनबाई म्हनते आली बाई, ठेवते.

परवा सवितानं फोन माह्या हातात देल्ला.

"इवाई," इहीनबाई म्हने, "तुमचं सांगा. आज आला होता का?"

एवढ्या उमरीत मले हे कोनी इचारलं नव्हतं.

"आला होता," मी म्हनलं. "चहा पेऊन गेला."